टॉकीजवाल्यांच्या मेळाव्यात ओवाळणीचं ताट

शुक्रवारी देवळात वाती वळायला बसलं की बायका हटकून विचारतात, "वहिनी, आज कोणता?" टॉकीजवाल्याच्या घरात किस्से शोधायला जावं लागत नाही. हे जेवायला बसले की भाजीबरोबर एखादा वाढलाच समजा. पण ते सगळे यांचे. धुळ्याचे मात्र माझे स्वतःचे, म्हणून ते मी जरा सावकाश सांगते.

तेव्हा पारोळ्यात आमची टॉकीज होती. घरोघरी टीव्ही आले, गल्लीत व्हिडिओ आले आणि आमची लेडीज बालकनी ओस पडली. चालायचा तो फक्त सकाळचा शो, बोर्डावर 'केवळ प्रौढांसाठी' लिहिलेला. यांनी सांगूनच टाकलं होतं, "श्रावणात बायका आल्या नाहीत, तर दसऱ्यापासून सगळे शो तसलेच. बालकनीला कुलूप." मी देवीला साकडं घातलं. लक्ष्मीचे शुक्रवार धरले.

आषाढात धुळ्याहून कार्ड आलं. तसले पिक्चर पुरवणारे वितरक आणि ते लावणारे टॉकीजवाले, व्हिडिओवाले यांचा मेळावा. वार शुक्रवार. खाली छापलेलं, 'सपत्नीक यावे'.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! लग्नानंतर यांच्या धंद्यातून मला आलेलं ते पहिलं आमंत्रण. ठेवणीतली नारायणपेठ काढली, पूजेचं सामान पिशवीत भरलं आणि निघाले.

*

एसटीत शेजारी एक म्हातारी आजी बसली होती. माझी पिशवी, त्यातलं निरांजन, कपाळभर कुंकू, सगळं न्याहाळून तिने विचारलं की कुठे निघालीस. मी म्हटलं, मेळाव्याला. खोटं नव्हतंच ते.

आजीने तिथल्या तिथे हात जोडले. "आमना बठ्ठा गावना नमस्कार सांगजो वं माय, महाराजले."

हे खिडकीबाहेर बघत राहिले. धुळे येईपर्यंत त्यांनी मान वळवली नाही.

*

मंगल कार्यालयात पोचलो तर आत सगळे पुरुषच. मी दारात उभी राहिले आणि गप्पा थांबल्या. संयोजक धावत आले, आधी माझ्याकडे बघितलं, मग कार्डाकडे.

"वहिनी, ते 'सपत्नीक' छापखानेवाला सगळ्याच कार्डांवर टाकतो हो. कोणी आणत नाही."

आता एसटीने परत पाठवणार का मला? पुढच्या रांगेत नेऊन बसवलं. माझ्यामागच्या रांगांमध्ये दिवसभर एक विडी पेटली नाही.

*

त्या पुढच्या रांगेपर्यंत पोचणं मात्र सोपं नव्हतं. दोन्ही भिंतींवर पोस्टरं लावलेली. आमचे ऑपरेटर युसुफभाई बरोबर होते. यांच्या वडिलांच्या वेळेपासून मशीन तेच चालवायचे. ते माझ्या पुढे झाले आणि अदबीने म्हणाले, "वहिनी, खाली बघून चला. फरशी ओली आहे."

फरशी कोरडी ठणठणीत होती. तरी मी खालीच बघत गेले. एकदाच मान वर झाली. पोस्टरवरची बाई नदीत उभी, नखशिखांत भिजलेली, अंगावर वीतभर कापड. मला कसंसंच झालं. यांना म्हटलं, "अहो, हिला कोणी टॉवेल तरी दिला का?"

युसुफभाई म्हणाले, "वहिनी, तिथे पण ओलंच आहे."

*

भुसावळचे आबा म्हणजे तिथले सगळ्यांत मोठे वितरक. कपाळाला गंध, बोटात अंगठ्या. यांना नव्या पिक्चरांची माहिती देत होते, पण शेजारी मी! गडी घामाघूम झाला.

"हा कौटुंबिक आहे. सासू-सुनेचा."

हे म्हणाले, "आणि तो पलीकडचा?"

"तो... निसर्गावर आहे."

मग स्वतःच सुचून म्हणाले, "त्यात हिरोईन शेवटी देवळात जाते, वहिनी."

मी मनापासून विचारलं, "आणि तोवर कुठे असते?"

आबांनी चहा मागवला.

*

दुपारी सगळे श्रीखंड-पुरीवर बसले. माझा उपास. व्हरांड्यात कोपरा पुसून देवीचा फोटो मांडला, पूजा केली. आता हळदीकुंकू द्यायला बाई कुठून आणू? बघते तर खांबाशी एक मुलगी एकटीच बसलेली. मेळाव्याची पाहुणी होती, नुकतीच आलेली, पिक्चरमधली हिरोईन. पोस्टरवर तीच होती हे मला ती जवळ आल्यावर कळलं. अंगभर पदर घेतला होता बिचारीने. तिलाही शुक्रवार होता. मी केळी पुढे केली, तिने पटपट खाल्ली.

हळदीकुंकवाला बोट उचललं तशी ती मागे सरली. "ताई, मला चालेल का? माझं लग्न फक्त पिक्चरमध्ये झालंय. बऱ्याचदा."

"मग तू कुमारिका," मी म्हटलं. "देवीला तर आणखीच आवडते."

तिने कुंकू लावून घेतलं आणि कितीतरी वेळ पर्समधल्या आरशात बघत बसली.

*

संध्याकाळी नव्या पिक्चरच्या पेटीची पूजा. आमच्या लाईनीत रिळांच्या पेटीला हळदकुंकू वाहिल्याशिवाय ती मशीनवर चढत नाही, मग पिक्चर कसला का असेना. एवढ्या पुरुषांत पूजेला सवाष्ण मीच. पेटीवर काय लिहिलंय ते मी वाचलं नाही. मनोभावे कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, आणि पेटीचे मालक म्हणून आबांना ओवाळलं.

आबांनी खिशातून नोट काढली. मी ताट मागे घेतलं.

"पैसे नको आबा. श्रावणातला देवीचा पिक्चर द्या."

तो पिक्चर दरवर्षी श्रावणात धुळे-जळगावच्या मोठ्या टॉकीजना जायचा. आमच्याकडे यायचा दिवाळीच्या तोंडावर, तुटका आणि जोडलेला, तेव्हा बायका फराळाच्या पसाऱ्यातून मोकळ्या झालेल्या नसायच्या. आबा बोटातली अंगठी फिरवायला लागले. पण ओवाळणी पडल्याशिवाय ताट खाली ठेवतात का कुठे? मी ताट धरून उभी राहिले. यांनी मला डोळ्यांनी दटावलं. मी बघितलंच नाही.

मागून ती हिरोईन हळूच म्हणाली, "आबा, वात विझेल."

आबांनी माईक ओढला. "श्रावणाची पेटी पारोळ्याला."

*

आता शेवटचा.

श्रावणातला पहिला शुक्रवार. दुपारच्या शोला बायकांची रांग टॉकीजच्या दारापासून कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत! कोणाच्या हातात हार, कोणाच्या नारळ. हे स्वतः बालकनीच्या खुर्च्या पुसत होते. गडबडीत एक गोष्ट मात्र कोणाच्याच लक्षात आली नाही. सकाळचा शो सुटायची तीच वेळ होती.

दार उघडलं. पुरुष बाहेर आले आणि जागच्या जागी थबकले. समोर सगळं गाव, कोणाची काकू, कोणाची वहिनी. माना खाली घालून एकेक जण सटकायला लागला. त्यातल्या एका तरण्याताठ्या पोराचा हात रांगेतल्या त्याच्या आईने धरला. पोरगं देवीच्या पिक्चरला आलं म्हणून तिला फार कौतुक वाटलं होतं.

"तू पहिलेच देखी उना का रे? कसा शे?"

पोराने आईच्या हातातल्या हाराकडे बघितलं.

"चांगला शे माय. मना डोयाले पानी उनं."