कॅशबाई

हॉस्पिटलात तिला सगळे कॅशबाई म्हणत, त्यामुळे बिल भरायला आलेली माणसं सर्रास तिच्याच खोलीत शिरत. "इथली कॅश वेगळी हो," असं म्हणून ती त्यांना समोरची खिडकी दाखवी. संगणकातली कॅश म्हणजे एकदा दिलेलं उत्तर पुन्हा द्यायला जपून ठेवणं, हे समजावण्याच्या भानगडीत ती पडत नसे.

काम मात्र चोख. ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेले नातेवाईक मोबाइलवर सतत एकच पान उघडत: आपल्या माणसाचं कुठवर आलं? प्रत्येकासाठी सर्व्हर बिचारा नव्याने सगळी माहिती उपसायचा आणि ऐन गर्दीत मान टाकायचा. तिने मध्ये मिडलवेअर नावाचं एक सॉफ्टवेअर बसवलं. सर्व्हरचं उत्तर ते काही वेळ जवळ ठेवी आणि तोच प्रश्न पुन्हा आला की परस्पर तेच देई. सर्व्हर सुटला, साहेबांनी पाठ थोपटली.

लगेच थिएटरच्या मोठ्या सिस्टर तणतणत आल्या. "आत नवरा शुद्धीवर येऊन बायकोला हाका मारतोय आणि तुमचं पान अजून त्याला टेबलावरच झोपवतंय! ती बाहेर रडून अर्धी झालीय."

"शिळं उत्तर गेलं," कॅशबाईचा चेहरा उतरला.

"अहो, पाच-दहा मिनिटांनी काय आभाळ कोसळतं?" साहेब म्हणाले.

"बाहेर बसलेल्यांचं कोसळतं, सर."

दुसरं कोणी असतं तर उत्तर साठवायची मिनिटं कमी करून मोकळं झालं असतं. ही सिस्टरांच्या मागे मागे हिंडली, बातमी नेमकी कुठे बदलते ते पाहिलं. मग तिने अशी सोय केली, की सिस्टरांनी आत बटण दाबलं रे दाबलं की त्या पेशंटचं जुनं उत्तर फेकलं जावं. बाकी खुशाल साठवा. कामाची चाड म्हणतात ती हीच.

पुढे तिच्या धाकट्या बहिणीचंच हृदयाचं ऑपरेशन निघालं. कॅशबाई त्याच बाकावर, हातात तेच पान. सांगितलेली वेळ केव्हाच टळली, तरी पान म्हणत होतं, 'ऑपरेशन चालू आहे'. शेजारचे सगळे पानावर विश्वास ठेवून बसलेले. हिला तेवढं जमेना. ते कुठे कुठे चुकू शकतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? आत काही भलतंसलतं झालं असेल आणि आपलंच यंत्र ते दाबून बसलं असेल तर? ती उठली, थिएटरच्या दारापर्यंत गेली.

"बसा हो ताई," बाकावरचे एक काका म्हणाले. त्यांची बायको आत होती, आणि ही बाई कोण याची त्यांना गंधवार्ताही नव्हती. "इथे खरं लिहितात. मागच्या खेपेला आमच्या हिचं झालं, तेव्हा मी चष्मा पुसेपर्यंत पान बदललं होतं. दारं ठोठावून आतल्यांना कशाला त्रास?"

ती परत येऊन बसली. काकांनी पाण्याची बाटली पुढे केली, ती तिने घेतली.

बऱ्याच वेळाने पान बदललं. 'ऑपरेशन झालं. पेशंट शुद्धीवर येत आहे.'

"आलं ना? सांगितलं नव्हतं मी?" काकांना आपलंच माणूस सुटल्यासारखा आनंद झाला.

तिला रडू आवरेना. "हो काका," ती कशीबशी म्हणाली, "खरं लिहितात."