फळ्यावरची पहिली ओळ

अन्वर गेला तेव्हा मी अकोल्याच्या रुग्णालयात, तळमजल्यावर, त्याच्याच रक्ततपासणीच्या अहवालासाठी रांगेत उभा होतो. त्याच्या बायकोचा, नसरीनभाभींचा फोन आला, "भाईसाब, वर या." मी म्हटलं, पुढे दोनच माणसं आहेत, अहवाल घेऊनच येतो. त्या पुन्हा तेवढंच म्हणाल्या, "वर या..." तेव्हा कळलं. तरीही मी रांग सोडली नाही. अहवाल घेतला, नीट घडी घालून फाइलमध्ये लावला आणि मगच वर गेलो.

याला आता दीड महिना झाला. अमरावतीच्या ज्या कॉलेजात आम्ही दोघांनी एकाच खोलीत बसून वीसेक वर्षं संगणक शिकवला, तिथे शोकसभा झाली. कृत्रिम बुद्धिमत्तेचा अग्रदूत हरपला, असं प्राचार्य म्हणाले. या अग्रदूताला मे महिन्यात दुसरा पंखा मिळावा म्हणून आम्ही चार अर्ज केले होते.

त्याचं काम सांगायला सोपं होतं. संत्र्याच्या बागेत फळगळ का होते, हे शोधणारा प्रोग्राम त्यानं लिहिला होता. त्यात चार जाणकार, म्हणजे प्रोग्रामचेच चार भाग : एकाला माती कळे, एकाला कीड, एकाला पाणी, एकाला हवामान. ते आपसात बोलत नसत. समोर एक सामाईक फळा. एकानं त्यावर लिहायचं, दुसऱ्यानं वाचून पुढे न्यायचं. पंचाईत ही, की जाणकारांना सतत काहीतरी सुचत असतं. मग पाळी कुणाला द्यायची? ज्याचं उत्तर तयार असेल त्याला, अशी सोपी रीत होती. अन्वरला ती मान्य नव्हती. आपल्याला नेमकं काय ठरवायचंय ते लक्ष्य आधी फळ्याच्या पहिल्या ओळीत लिहायचं आणि त्याच्या कामाचा जो असेल त्यालाच उठवायचं, बाकीचे कितीही विद्वान असोत, बसून राहतील, असं त्याचं म्हणणं. माणसांनाही तो हाच नियम लावी. "सर, हे आयकून आपल्याले ठरवाचं काय हाये?" असं त्यानं भर बैठकीत प्राचार्यांना विचारलं होतं. पंखा बहुधा तिथेच गेला.

त्याचे पाय सुजले, पोटात पाणी झालं, तेव्हा मीच त्याला अकोल्याला नेलं. मग पोटाचे डॉक्टर आले, किडनीचे आले, हृदयाचे आले. प्रत्येक जण फाइलमध्ये एक पान लिही आणि दोन तपासण्या सांगून जाई. फाइल माझ्या काखेत. पोटाच्या डॉक्टरांनी तिसऱ्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आता फारसं काही हाती नाही. ते मी कुणालाच सांगितलं नाही. अन्वरला मात्र सांगावं लागलं नसावं.

"अबे बाप्पा," तो एका सकाळी म्हणाला, "सारे लिवून रायले. पण पयल्या ओळीत काय हाये?"

"तू बरा होणं," मी म्हटलं.

"थे खोड. मले घरी जायचं हाये, थे लिव."

"एवढी एक तपासणी होऊन जाऊ दे."

तो हसला. "प्रोफेसर झाला, पण पाळी ज्याचं तयार हाये त्यालेच देतं तू..." त्यानंतर अशा तीन तपासण्या झाल्या. अमरावती दोन तासांवर होती.

मागच्या आठवड्यात भाभींनी त्याचे कागद आवरायला बोलावलं. त्याच्या खोलीतला संगणक सुरू केला, तर तो प्रोग्राम अजून चालत होता. वर एक कोरी ओळ आणि प्रश्न : काय ठरवाचं हाये? मी टाइप केलं, 'अन्वरला घरी न्यायचं आहे.' माती, कीड, पाणी, हवामान... त्यानं प्रामाणिकपणे एकेकाला विचारून पाहिलं. मग पडद्यावर उमटलं : हे आपल्यातल्या कोनालेच जमत नाही, बाप्पा.

आणि ओळ पुन्हा कोरी करून तो थांबून राहिला.