तिसऱ्या पायरीवर थांबणाऱ्या बाई

आमच्या शिड्यांच्या कारखान्यात नोकरी मिळवायची परीक्षा एकच. समोर सात पायऱ्यांची शिडी. झरझर वर जा, झरझर खाली ये. जो अडखळला तो घरी. मालकीण माझी आत्या, परीक्षा तिची, आणि हेड मिस्त्री मी. तीस वर्षांत अशी निवडून निवडून माणसं जमवली: माझा मेहुणा, दोन चुलतभाऊ, त्यातल्या एकाचा साडू. सगळे एका माळेचे मणी. शिडी कशी झालीय विचारलं की सगळ्यांचं उत्तर ठरलेलं, "एकदम झकास!"

आणि एक दिवस ग्रंथालयाला दिलेल्या बारा शिड्या परत आल्या. सोबत चिठ्ठी: शिड्या मजबूत आहेत, पण आमची माणसं वर चढायला धजत नाहीत. मी भडकलो. "शिडीला काय धाड भरलीय? माणसंच नाजूक!" मेहुण्यानं एकेक शिडी चढून दाखवली, वर उभा राहून धाडधाड उड्या मारल्या. एकही हलली नाही. मग आम्ही सगळ्यांनी मिळून ग्रंथालयाला शिव्या घातल्या आणि चहा प्यायलो.

आत्यानं चहा घेतला नाही. आठवडाभरात तिनं नवीन माणूस घ्यायचं काढलं. पाच जण आले. चौघं सरसर वर गेले. पाचव्या, पंचेचाळिशीच्या एक बाई, तिसऱ्या पायरीवर थांबल्या आणि म्हणाल्या, "याच्या वर मला जमायचं नाही. भीती वाटते."

"उद्यापासून या," आत्या म्हणाली. "महिनाभर बघू."

मला हसावं की रडावं कळेना. "आत्या, शिड्यांच्या कारखान्यात भित्री बाई? उद्या पोहता न येणारा नावाडी आणशील!"

"आणीन की. होडीत पाणी शिरलं तर पहिला तोच ओरडेल." आत्यापुढे आपली डाळ कधी शिजलीय?

बाई आधी एका कचेरीत फायलींच्या खोलीत होत्या. वरच्या कप्प्यातली फाईल हवी असली की इतरांची मनधरणी करायच्या. अठरा वर्षं निभावलं, मग साहेबांना कळलं आणि नोकरी गेली. आमच्या मंडळींनी त्यांचं नाव ठेवलं 'तिसरी पायरी'. त्याही हसायच्या, पण कामाला चोख. एका हातात जाड पुस्तकांचा गठ्ठा घेऊन त्या शिडी तपासायच्या. आम्ही सगळे दोन्ही हात मोकळे ठेवून चढणारे. पुस्तकं घेऊन उतरणाऱ्याला एकच हात उरतो, हे इतक्या वर्षांत एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"चढताना निदान समोर धरायला काहीतरी असतं," त्या म्हणाल्या. "उतरताना पाय खाली चाचपडतो आणि हात हवेत." कठडा आम्ही एकाच बाजूला दिला होता, तोही अर्ध्यावर संपवलेला. शिडी सुटसुटीत दिसते म्हणून वर मिरवत होतो. बाईंच्या सांगण्यावरून दोन्ही बाजूंनी कठडा असलेली नवी शिडी केली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत चष्मा विसरला म्हणून मी आत गेलो, तर बाई जुन्या शिडीच्या सहाव्या पायरीला चिकटलेल्या. चेहरा पांढराफटक. ना वर, ना खाली.

"अहो बाई, हे काय भलतंच!"

"संध्याकाळी सगळ्यांसमोर चढायला सांगतील. नाही चढले तर हीसुद्धा नोकरी गेली. मिस्त्री, या वयात आता कोण घेणार मला?"

मी मागून चढलो, त्यांचं पाऊल धरून एकेका पायरीवर टेकवत त्यांना खाली आणलं. खाली आलो तर त्यांच्यापेक्षा माझेच पाय जास्त लटपटत होते. बाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"तुम्हालाही?"

"कुणाला सांगू नका," मी म्हणालो. "इथं लागायच्या आधी एकदा पडलोय. म्हणून तर पळत चढतो. थांबलो की संपलं." बाईंनी मला पाणी दिलं.

संध्याकाळी नवी शिडी मधोमध उभी केली. "मिस्त्री, आधी तू," आत्या म्हणाली. मी पळायला पाय उचलला आणि बाई दिसल्या. भिंतीला टेकून, पर्स पोटाशी घट्ट धरून उभ्या होत्या. माझ्यानं पळवेना. एकेक पायरी चढत गेलो आणि चौथीवर थांबलो. कान तापले, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आत्या, इथं मला भीती वाटतेय. कठडा अजून वीतभर वर हवा."

आत्या शिडीपाशी आली.

"तीस वर्षांत कधी बोलला नाहीस रे?"

"बोललो असतो तर घेतलं असतंस?"

आत्यानं कठड्याच्या वर वीतभर मोजून खडूनं खूण केली. मग म्हणाली, "बाई, उद्यापासून तुम्ही कायम. आणि कृपा करा, धीट होऊ नका." बाई हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या.

तेवढ्यात मेहुणा खाकरला. "भाऊजी, आता निघालाच आहे विषय तर सांगतो," तो खाली बघत म्हणाला, "मला दुसरीपासूनच वाटते."