अकरा मिनिटांचा उशीर

आर्डिस लुंडग्रेनबाईंनी एकतीस वर्षांत एकही मूल हरवलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्या समोरच्यानं विचारायच्या आत सांगून टाकत. नेब्रास्कातल्या एका आडबाजूच्या काउंटीत शेतकी कचेरी आहे, तिथं त्या कारकून. नोकरी कागद लावण्याची, पण खरा जीव शेतकरी मुलांच्या मंडळात. दर जूनमध्ये मंडळातली नऊ-दहा मुलं घेऊन त्या राजधानीला, राज्याच्या युवा नेतृत्व परिषदेला जात. चर्चची जुनी व्हॅन, थांबलं की डोकी मोजायची, चढलं की पुन्हा मोजायची. पर्समध्ये सेफ्टी पिना, उलटीच्या पिशव्या, जादा मोजे. नवरा धान्याच्या कोठारावर होता, तो जाऊन सहा वर्षं झाली. स्वतःचं मूल नाही. म्हणून बाईला दुसऱ्यांची पोरं मोजायचा नाद, असं गावातले काहीजण म्हणत. म्हणोत बापडे. त्यांचीच पोरं सुखरूप परत येत होती.

बाई नियमाच्या पक्क्या होत्या. नियम म्हणजे नियम, मग तो कुणाच्याही लेकराला लागू दे. याचा त्यांना अभिमान होता, आणि अभिमानाच्या खाली, फार खोल, एक सल होता. त्याबद्दल त्या कुणाशी बोलत नसत.

त्या सकाळी व्हॅन सातला निघाली. नऊ मुलं, आणि वसतिगृहात मुलग्यांच्या मजल्यावर राहायला गावचे गुरांचे डॉक्टर हार्लन. खिडकीपाशी कोरा स्वोबोदा बसली होती, सतरा वर्षांची, लांबट हाडाची पोरगी. तिनं हँगरला लावलेला पांढरा शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून सबंध वाट हातात धरला.

"मागे टांग ना तो," बाई आरशात बघत म्हणाल्या. "हात भरून येईल."

"नको. चुरगळेल."

"तिथं इस्त्री असते की."

"आई म्हणते, तिथल्या इस्त्रीवर कधी भरवसा ठेवायचा नाही. घरूनच करून न्यायचा."

बाईंनी नजर रस्त्याकडं वळवली. कोराची आई जोलीन त्यांच्याच हाताखाली मंडळात वाढलेली. आता ती गहू कापणाऱ्या टोळीबरोबर स्वयंपाकाला जायची, मे महिन्यात दक्षिणेत सुरुवात करून पीक पिकेल तसं वर वर सरकायचं, ते थेट पानगळीला घरी. तोवर कोरा आजीकडं. आजी येता-जाता सगळ्यांना खसखशीचं सारण भरलेले कोलाची नावाचे गोड पाव वाटणारी. मंडळाच्या कुठल्याही कागदावर कोरासाठी आजीचीच सही असे, आणि आर्डिसबाईच म्हणायच्या, "चालेल गं, आपल्याला काय माहीत नाही का." गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथं कागद कोण तपासतो?

या वर्षी मात्र कोरा मंडळाच्या राज्य समितीच्या निवडणुकीला उभी होती. त्यांच्या काउंटीतून आजवर कुणी निवडून आलं नव्हतं, आणि पुढच्या वर्षी ती शाळेतून बाहेर पडणार, म्हणजे संधी हीच, एवढीच. दोन वाजता भाषण. पण उमेदवाराची नोंदणी बाराच्या आत झाली नाही, तर यादीतून नाव कट.

विद्यापीठाच्या वसतिगृहात पोचले तेव्हा अकराला पाच कमी होते. खाली दिवाणखान्यात लांब टेबल, टेबलामागे रोवीना, नोंदणीची प्रमुख, आर्डिसबाईंची वीस वर्षांची ओळख. पुढं चार काउंट्यांची रांग. हार्लन आठ मुलांना सामानासकट वर घेऊन गेले. बाईंनी फाइल उघडली, एकेक आरोग्य-पत्रक वर काढलं, आणि कोराचं बंद पाकीट फोडलं. ते पाकीट तिनं आदल्या दिवशी आणून दिलं होतं. स्वोबोदांचा कागद, त्यात काय बघायचं, म्हणून बाईंनी तसंच फाइलीत सरकवलं होतं.

राज्याला आजीची सही चालत नाही. आई किंवा बाप, नाहीतर कोर्टानं नेमलेला पालक. खाली सही होती: जोलीन स्वोबोदा.

बाईंनी कागद उजेडाकडं धरला. जोलीनच्या नोंदवह्या त्यांनी आठ वर्षं तपासल्या होत्या. डावखुरी पोरगी, अक्षरं मागं रेललेली. ही सही पुढं झुकलेली होती, नीट, शाळकरी.

"कोरा," त्या हळूच म्हणाल्या, "इकडं ये."

खांबाआड नेऊन त्यांनी कागद पुढं धरला. पोरीनं एकदाच पाहिलं आणि मान खाली घातली.

"कुणी केली?"

"मी."

"आईला विचारलंस?"

"तीनदा. सहीसाठी कागद पोस्टानं पाठवला, दीड महिना झाला. म्हणाली, इतर कुठंही जा, त्या बाईच्या हवाली मी तुला करणार नाही." कोराचा आवाज चिरकला. "मिसेस लुंडग्रेन, मला माहीत होतं हे चूक आहे. पण ती येईस्तोवर सगळं संपलं असतं."

खोट्या सहीचा नियम बाईंना तोंडपाठ होता, त्याचा मसुदा करणाऱ्या समितीत त्या स्वतः होत्या. मुलाला त्याच दिवशी घरी पाठवायचं आणि परिषदेचं दार कायमचं बंद. आणि हा नियम उगाच नव्हता. दोन वर्षांपूर्वी एका मुलाला मधमाशी चावून घसा सुजला होता, तेव्हा याच कागदावर बघून इस्पितळानं सुई टोचली होती. त्या सहीच्या मागं खरं माणूस असावंच लागतं.

हे सगळं कळत असून बाईंनी तो कागद चौकोनी घडी करून स्वतःच्या पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली.  एकतीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं.

त्या टेबलाशी गेल्या. "रोवीना, स्वोबोदाचं पत्रक माझ्याकडून राहिलंय. चूक माझी. आईकडून मागवते."

रोवीनानं चष्म्यावरून पाहिलं. "तुझ्याकडून? बरी आहेस ना?"

"फोटो चालेल?"

"आईनं स्वतःच्या फोनवरून पाठवला, आणि मी फोन करून खात्री केली, तर चालेल. पण बारा म्हणजे बारा, आर्डिस. मागच्या साली त्या दोघा भावांना दोन मिनिटं उशीर झाला म्हणून परत पाठवताना तूच माझ्या शेजारी उभी होतीस."

"होते," बाई म्हणाल्या.

कोराच्या फोनवरून जोलीनला लावला. वाजून वाजून बंद. पुन्हा. बंद. शेतात फोन लागत नाही, दुपारचं जेवण करायची वेळ, टोळी कॅन्ससमध्ये कुठंतरी. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले. कोरानं हँगर दोन्ही हातांनी असा आवळला होता की पिशवीसकट कॉलर मुठीत आली होती, आणि तिचं तिला भान नव्हतं. पाचव्या वेळी उचलला गेला. मागं भांड्यांचा खणखणाट.

"कोरा? पोचलीस का गं?"

म्हणजे पोरगी निघालीय हे तिला ठाऊक होतं. बाईंना त्यातल्या त्यात धीर आला.

"कोरा बरी आहे. मी आर्डिस लुंडग्रेन बोलतेय."

पलीकडं कुणीतरी नळ बंद केला.

"काय झालं तिला?"

"काही नाही. तुझी सही हवीय, जोलीन. बाराच्या आत. नाहीतर तिला उभं राहता येणार नाही."

"तिच्या आजीची चालते ना तुम्हाला."

"मला चालते. इथं चालत नाही. तिनं तुझी सही स्वतः केली."

पलीकडं भांड्यावर झाकण आपटल्याचा आवाज आला. मग जोलीन म्हणाली, "मग पाठवा घरी. तुम्हाला येतं ते. मला पाठवलंत तसं. अकरा मिनिटं उशीर झाला होता मला, अकरा. सकाळी माझं भाषण होतं."

एकवीस वर्षांपूर्वी, याच इमारतीत, रात्री दहाच्या हजेरीला जोलीन खोलीत नव्हती. दहा वाजून अकरा मिनिटांनी जिना चढून आली. बाईंनी यादीवर खूण केली आणि तिच्या बापाला फोन लावला. पहाटे तो ट्रक घेऊन आला. वाटभर बाप लेकीशी एक शब्द बोलला नाही, असं नंतर कानावर आलं. जोलीन मंडळात पुन्हा आली नाही.

"कुठं होतीस तू तेव्हा?" बाईंनी विचारलं.

"आता विचारताय?"

"हो. तेव्हा विचारायला हवं होतं. विचारलं नाही."

"तळघरात. इस्त्री करत होते. सगळ्या इमारतीत एक इस्त्री, पुढं सहा मुली. माझा शर्ट चुरगळलेला, दुसरा नव्हता." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता, तेच जास्त लागत होतं. "कुणी मुलगा नाही, दारू नाही. बाबांना ते आजतागायत पटलेलं नाही. तुम्ही एकदा विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं ना."

 या पोरीचं काय झालं असेल ते त्यांनी अनेकदा मनात आणलं होतं, आणि दरवेळी नियमाचं पांघरूण घेऊन झोपल्या होत्या.

"माझं चुकलं, जोलीन. नियम होता, अशी सबब नाही सांगत. माझंच चुकलं."

"कोरानं केलेली सही कळवलीत त्यांना?"

"नाही. माझ्या पर्समध्ये आहे."

"हे बसतं तुमच्या नियमात?"

"नाही बसत."

"मग?"

"मग काही नाही. बसत नाही, तरी आहे. पण दुसरी सही मी करणार नाही आणि तिलाही करू देणार नाही. तिला काही झालं, तर डॉक्टरला खरी आई लागेल. तू नको म्हणालीस तर मी तिला स्वतः घरी आणून सोडते. वाटेत तिच्याशी बोलत."

पलीकडून कुणी पुरुष ओरडला, जेवणाचं काय झालं म्हणून.

"मला चौदा माणसांना वाढायचंय," जोलीन म्हणाली आणि फोन कट झाला.

अकरा चाळीस. बाईंनी फोन कोराच्या हातात परत दिला.  दोघी टेबलासमोरच्या बाकावर बसल्या. बाकीच्या काउंट्यांची रांग संपली. अकरा सेहेचाळीस. रोवीनानं शिक्के गोळा करायला घेतले, मग का कोण जाणे, एक शिक्का पुन्हा बाहेर काढून ठेवला. अकरा बावन्न. कोरा म्हणाली, "शर्ट आजीला परत देईन, तिनं फार मेहनत घेतली होती." बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मोजण्यासाठी सोडून एरवी कुठल्या मुलाला त्यांनी असा हात लावल्याचं त्यांना आठवेना.

अकरा पंचावन्नला रोवीनाचा संगणक टिंग वाजला.

"आला," ती म्हणाली. लगेच तिनं फोन फिरवला, दोन वाक्यं बोलली, मान डोलावली, ठेवला. मग फोटो मोठा करून बघू लागली. "कागदावर तेलाचे डाग आहेत, घड्या पडल्यात, दीड महिना ड्रॉवरमध्ये होता म्हणते. सही ठीक. औषधं ठीक. आणि आई फोनवर मिळाली नाही तर मुलीबद्दल निर्णय कुणी घ्यायचा, तिथं आजीचं नाव खोडलंय."

"कुणाचं घातलंय?" कोरानं विचारलं.

रोवीनानं पडदा वळवला. अक्षरं मागं रेललेली, घाईतली. आर्डिस लुंडग्रेन. शेजारच्या नात्याच्या रकान्यात: माझ्या मंडळाच्या बाई.

आर्डिसबाईंनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा वाचलं. रोवीनानं नोंदणीच्या कागदावर शिक्का मारला, तेव्हा बाराला तीन कमी होते.

"शर्ट आण इकडं," बाई कोराला म्हणाल्या.  "बघ, कॉलरची काय वाट लावलीस ती. तू वर जा, भाषण पाठ कर."

"पण इस्त्रीला रांग असते, आई म्हणाली."

"असू दे."

त्या हँगर घेऊन तळघराचा जिना उतरल्या. इमारतीत अजून इस्त्री एकच होती, आणि पुढं पाच मुली. आर्डिसबाई सहाव्या उभ्या राहिल्या.