रेग्युलेटरांना लावलेलं तेल

हळर्णला घरामागच्या शेडमध्ये मी पाणबुड्यांचं सामान धुतो. पर्यटकांना समुद्रात उतरवणारे बोटवाले सूट आणि रेग्युलेटर माझ्याकडे पाठवतात. रेग्युलेटर म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र. ते गोड्या पाण्यात भिजवून मीठ सुटू द्यायचं. भिजत असताना बटण दाबलं तर पाणी आत शिरतं. हे मला कोणी शिकवलं नाही, दोन यंत्रं बिघडवून मी शिकलो.

विहीर थोरल्या भावाच्या वाटणीला गेली. धंदा सुरू करताना पाणी मागायला गेलो तर म्हणाला, समुद्राची घाण विहिरीवर नको. तेव्हापासून सहा वर्षं मी टँकर मागवला. टँकरवाल्याशी घासाघीस करताना माझा आवाज भावाच्या ओसरीपर्यंत जाई. जावा म्हणूनच मी चढवत असे.

गेल्या खंडेनवमीला म्हापशाहून झेंडू घेऊन आलो, तर भाऊ शेडमध्ये बसलेला. पाटावर माझे बारा रेग्युलेटर, प्रत्येकाला कुंकू. शेजारी खोबरेलाची वाटी. कोयत्याला चोळतात तसं रबराच्या कड्याकड्यांना त्याने तेल चोळलं होतं.

तेलाने रबर फुगतं, खाली माणसाची हवा अडकली तर मी तुरुंगात जाईन, असं मी ओरडून सांगितलं. तिथे थांबायला हवं होतं. मग विहिरीचं काढलं. सहा वर्षांचं सगळं काढलं.

तो उठला. पंच्याला हात पुसत म्हणाला, "तुझ्या हत्यारांक कोणी तेल लावूक नाय, म्हणान मी लावलंय."

तो गेल्यावर मी बाराही यंत्रं खोलली, कड्या फेकल्या. सुटे भाग धुवायला पाणी हवं होतं आणि सणाचा टँकर येणार नव्हता. पाण्याच्या टाकीत किती उरलंय ते बघायला मागे गेलो. कुंपणावरून नवा पाइप आला होता, काथ्याने बांधलेला. तोटीलाही कुंकू होतं.

तोटी सोडली. पाणी आलं. मला काही वाटलं नाही, हात चालत राहिले.

तो पुन्हा शेडमध्ये आला नाही, मीही बोलवायला गेलो नाही. सकाळी सातला त्याच्याकडचा पंप सुरू होतो आणि माझी टाकी भरली की बंद होतो. म्हणजे तो ओसरीवरून बघत असणार. मी तिकडे पाठ करून सूट वाळत घालतो.