राखेत धरलेलं सुनेचं मनगट

२०२३ साल. मी तेव्हा बहात्तर वर्षांचा. मुलगा इंडोनेशियात नोकरीला, म्हणून या वयात विमानात बसलो. जिवंत ज्वालामुखी पाहायचं ठरलं त्याच सकाळी मुलाला कामावर बोलावलं. मी म्हटलं, गाडी सांगितली आहे ना, मग जायचंच. तिथली बोली सुनेला येते, म्हणून ती सोबत निघाली.

आमच्या धरणगावकडच्या घरात सासरा सुनेशी समोरासमोर बोलत नाही, हात लावणं तर लांबच. लग्नापासून आमचं बोलणं मुलामार्फत.

पायथ्याशी ड्रायव्हर मास्क द्यायला आला. मी हात झटकला. उभा जन्म जिनिंगमध्ये कापसाची धूळ खाल्ली, मला काय शिकवतो! तोंडाला रुमाल बांधला. सुनेच्या डोळ्यांत लेन्स होत्या. त्या काढा, असं तो सांगत होता, पण तिचा चष्मा घरी राहिलेला.

ड्रायव्हर गाडीपाशी थांबला, आम्ही दोघं निघालो. निम्म्या चढावर वारा फिरला. डोंगराने काळा धूर ओकला अन् दिवसा अंधारलं. ती राख चुलीतली नव्हे, कुटलेली काच. दातांत करकरली, रुमालातून छातीत शिरली. मी खोकून वाकलो. वर पाहिलं तर सून खाली बसलेली.

"आबा, माले काहीच दिसत नही!"

"डोया चोयू नको!" मी ओरडलो. चोळलं की बुबुळ खरवडतं, हे ड्रायव्हरने हातवारे करून दाखवलं होतं.

रुमालाचं एक टोक तिला धरायला दिलं, दुसरं मी धरलं. चार पावलांत तिचा पाय घसरला, टोक सुटलं. बाजूला दरी. मग कसला सासरा अन् कसली सून! मनगट आवळून धरलं.

"आबा, मन्हा डोया गयात का हो?"

"नही जात. चाल."

म्हणालो खरं, पण मला तरी काय ठाऊक! परक्याची लेक. तिच्या बापाला काय तोंड दाखवू?

खाली गाडीत शिरताच ड्रायव्हरने काचा बंद केल्या. रडत रडत तिने लेन्स काढल्या, मी बाटल्यांमागून बाटल्या तिच्या डोळ्यांवर ओतल्या. तरी दिसेना. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, औषध घाला, सकाळपर्यंत काही सांगता येत नाही.

सकाळी मुलाने टाकलेला औषधाचा थेंब तिच्या गालावर ओघळला. मी त्याच्याकडून बाटली हिसकावली, बोटाने तिची पापणी उचलली.

"वर देख, बेटा."

लाल डोळा माझ्याकडे वळला. तिने निरखून पाहिलं. मग म्हणाली, "आबा, तुमन्या मिशीमा आजून राख शे."

मिशी राहू दिली तशीच. आधी दुसऱ्या डोळ्यात थेंब टाकला.