आईच्या जमातीचं गाणं

खोकला घेऊन जावं, तर डॉक्टर प्रॉस्पर छातीला नळी लावून आधी आजीचं नाव विचारणार, ती कुठल्या गोष्टी सांगायची ते लिहून घेणार, औषध मग. कॅरिबियन समुद्रातल्या कॅरियाकू बेटावर या खोडीची यथेच्छ थट्टा व्हायची. आजीचं सगळं निघालं, माझं दुखणं राहिलंच, असं म्हणत लोक दवाखान्याच्या पायऱ्या उतरायचे.

व्हर्लिनाही हसायची. पण त्या आठवड्यात तिचं हसू पार आटलं होतं. एक्केचाळीस वर्षांनी ती आईच्या कबरीवर दगड बसवणार होती. दगड बसला की मेलेल्या माणसाला ताट वाढायचं; त्या दगडाच्या जेवणाला मोठा ढोल हवा, आणि ढोलावर मेलेल्या माणसाच्या जमातीचं गाणं हवं, पूर्वजांनी आफ्रिकेतून आणलेलं. ते ऐकू आलं नाही तर आई ताटावर यायची कशी? व्हर्लिना जन्मली त्याच दिवशी आई गेलेली, आजोळचे सगळे गलबतासकट बुडालेले. विचारायला माणूसच उरलं नव्हतं.

"मग काय, जेवणाला कापायच्या बकऱ्याच्या जमातीचं वाजवू?" ढोलवाला कॅडी म्हणाला. तिनं त्याच्याकडं खाऊ का गिळू असं पाहिलं आणि तडक दवाखाना गाठला.

ऐंशी वर्षांचे डॉक्टर तिचं ऐकून तिला आतल्या खोलीत घेऊन गेले. जमिनीपासून छतापर्यंत वह्याच वह्या. व्हर्लिना दारातच थबकली. अख्खं बेट तिथं दाटीवाटीनं बसलं होतं, ज्यांच्या कबरीसुद्धा समुद्रानं नेल्या तेही. डॉक्टरांनी अगदी खालची, पहिली वही ओढली. पहिल्याच पानावर आईचं नाव, ताप, नाडी, आणि खाली चार ओळी.

"कळ ओसरली की गायची," ते म्हणाले. "टेमने जमातीचं गाणं. मी बेटावर नवा होतो, पोरी. तिला वाचवता आलं नाही. हाती एवढंच उरलं, ते लिहून ठेवलं. तेव्हापासून विचारल्याशिवाय कुणाला सोडलं नाही."

मग फाटक्या आवाजात त्यांनी ते म्हणून दाखवलं. व्हर्लिना भिंतीला टेकून ऐकत राहिली.

शनिवारी दुपारी दगड बसला, मेलेल्यांसाठी मांडतात तसं बिनमिठाचं ताट मांडलं. कॅडीनं निमूटपणे टेमनेचा ठेका धरला. जिची जमात, तिनंच आधी रिंगणात उतरायचं. आपली जमात ठाऊक नसल्यानं आजवर व्हर्लिना कडेला उभी राहून टाळ्याच वाजवत आली होती. तिनं चपला काढल्या आणि आत गेली.

"आई," ती म्हणाली, "ये, जेवून घे."